वरून जायचा हक्क

माळ आता तिथं नाही. जमीन आहे, पण तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून चौकोन पाडलेत, चौकोनांच्या कोपऱ्यांत आकडे घातलेले दगड रोवलेत. एका चौकोनात कुणीतरी विटांवर पाणी मारत होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "बाई, हितं काय बघायचंय? प्लॉट घ्यायचा हाय व्हय?" मी नाही म्हटलं. तो तंबाखू मळत रिक्षातच बसला आणि मी उजवा पाय ओढत चौकोनांमधून चालत राहिले. अठरा वर्षांनी आले होते. कुसळं मात्र तीच. दहा पावलांत साडीचा काठ भरला.

ती काढायला वाकले आणि गवताचा तो कोरडा, तापलेला वास नाकात गेला. त्याच्या मागोमाग दुसरा वास आला, जो तिथं असणं शक्यच नव्हतं. ग्लायडरच्या पंखांना लावायच्या वार्निशाचा. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. आमच्या क्लबचं एकच होतं, पिवळं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. माळाच्या एका टोकाला जुन्या ट्रकचं इंजिन आणि त्याला एक मोठं चाक बसवलेलं होतं. ते चाक तार गुंडाळायला लागलं की तारेच्या ओढीनं ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. वर पोचल्यावर खटका ओढून तार सोडून द्यायची. मग एकदम शांतता. वाऱ्याची बारीक शीळ तेवढी कानाशी.

दर रविवारी सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, मला स्कूटरवर मागं बसवून माळावर न्यायचे. कोल्हापुरात त्यांची वकिली चांगली चालायची. सोमवार ते शनिवार काळा कोट, आणि रविवारी खाकी हाफपँट. क्लबात शिकवायचं काम त्यांच्याकडेच होतं. पुढच्या जागेवर मी, मागं ते. "घारी बघ," म्हणायचे. "घार जिथं पंख न हलवता गोल फिरतेय, तिथं हवा वर चढतेय. तिच्या खाली जाऊन उभं राहायचं. तिला ठाऊक असतं." आणि खरंच, घारीच्या खाली गेलं की कुणीतरी तळहातावर घेऊन उचलावं तसं आम्ही उचलले जायचो. रंकाळा ताटात पाणी ओतल्यासारखा चमकायचा. जोतिबाचा डोंगर जवळ यायचा. हिवाळ्यात गुऱ्हाळं लागली की हजार फुटांवर काकवीचा वास यायचा, गरम, गोड. त्या वासानं पोटात भूक उठायची आणि मी खाली उतरल्यावर काय खायचं याचा विचार करायचे. मी एकोणीस वर्षांची होते. जगात याच्यापेक्षा सुंदर काही असेल असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही, हे मी लाजून सांगते.

आमची उतरायची पट्टी जिथं सुरू व्हायची, तिथं तिला लागूनच दस्तगीरमामांचं रान होतं. भुईमूग, जोंधळा, दोन म्हशी, एक कौलारू खोपट. वारा समोरून जोरात असला की ग्लायडर पट्टीपर्यंत पोचायचं नाही, थोडं आधीच बसायचं. म्हणून मामांनी रानाच्या तोंडाचा एक तुकडा आमच्यासाठी पड ठेवला होता. कुणी मागितला नव्हता. पहिल्या वर्षी एकदा आण्णा त्यांच्या भुईमुगात उतरले, तेव्हापासून त्यांनी तिथं पेरलंच नाही. त्या तुकड्यात उतरलं की आण्णा मुद्दाम खोपटापर्यंत चालत जायचे. म्हणायचे, "मामा, चुकलं."

"चुकायचंच की वकीलसायब. पाखरू सुदिक चुकतंय."

मग मामा म्हशीखाली बसायचे आणि पितळी पेल्यात धारोष्ण दूध यायचं. फेसाचा थर ओठावर राहायचा. आमिनाचाची, त्यांची बायको, दारातून हसायची. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. पंख उचलायला, ढकलायला मामा पुढं. असं चार वर्षं चाललं. एक कागद नाही, एक सही नाही.

पाचव्या वर्षी आण्णा क्लबाचे अध्यक्ष झाले आणि रविवारी पाहुणे यायला लागले. पाहुण्यांना काहीतरी दाखवावं लागायचं. आण्णा मामांच्या खोपटावरून खालून, खूप खालून जायला लागले. आवाज नसल्यामुळं खालच्या माणसाला कळायचंच नाही. एकदम अंगावरून सावली जायची आणि शीळ. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

एका सोमवारी संध्याकाळी मामा आमच्या घरी आले. शहरातल्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. चपला पायरीखाली काढून उभे राहिले.

"वकीलसायब, म्हस पडली."

"कुठं?"

"दगडाच्या खाणीत. काल तुमची सावली आली न्हवं अंगावर, दावं तोडून पळाली. गाभण हुती. रेडकू गेलं पोटातलं. म्हस उठंना."

आण्णांनी पेनाला टोपण लावलं. "किती म्हणतोस?"

त्या दिवसापर्यंत आण्णा त्यांना अहो-जाहो करायचे. मामांच्या ते ध्यानात आलं. मलाही आलं.

"पैशासाठी न्हाई आलो. येऊन एकदा बघून जावा, एवढंच. कालपासनं पडून हाय जनावर. आनि घरात बाळंतपण आलंय. बाईला म्हायेर न्हाई. आठ दिस वरनं फिरू नका, मागल्या अंगानं फिरा. दचकतीया ती."

आण्णा उठले, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि त्यांना वाचून दाखवलं. आधी इंग्रजीत. मग मराठीत सांगितलं, की वाजवी उंचीवरून विमान गेलं तर खालच्या जमिनीच्या मालकाला दावा सांगता येत नाही.

"दावा कुठं सांगतोय, सायब? इचारतोय."

"तेच सांगतोय मी. विचारण्याचा प्रश्नच येत नाही."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पदराशी चाळा करत होते. ते चपला हातात घेऊनच फाटकापर्यंत गेले, बाहेर जाऊन घातल्या.

"आण्णा, बघून यायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"गेलो की कबुली झाली," आण्णा म्हणाले, आणि पुन्हा पेन उघडलं.

पुढच्या रविवारी ते नेहमीपेक्षा जास्त उडाले. चार वेळा मी पुढच्या जागेवर होते. आता ते फार खालून जात नव्हते. कायद्यात बसेल एवढीच उंची ठेवायचे, पण जायचे नेमके खोपटावरूनच. एकदा खाली आमिनाचाची दारात उभी दिसली. हातात कापडात गुंडाळलेलं मूल. बुधवारी जन्मलं होतं, हे मला नंतर कळलं. ती वर बघत होती, मुलाच्या डोळ्यांवर तिनं हात धरला होता. आण्णांनी एक पंख खाली-वर करून तिला सलाम केला. खाली क्लबातली माणसं हसली. मागं आण्णा हसले. मीही हसले.

दर गुरुवारी कॉलेज सुटल्यावर मी शेडमध्ये जायचे. पंखाच्या कापडाला कुठं चीर गेली असेल तर ठिगळ लावून त्यावर वार्निश मारायचं काम माझं होतं. डोकं हलकं करणारा तो वास. पत्र्यावर चिमण्या नाचायच्या, लांब मालगाडीची शिट्टी व्हायची. त्या गुरुवारी मामा शेडच्या दाराशी येऊन थांबले. हात दगडाच्या भुकटीनं पांढरे झालेले.

"बाळ, एक सांगायचं हुतं. रानाच्या तोंडाला बांध घालतोय. कंबरंएवढा. दगडी."

मी ब्रश थांबवला.

"माझी जमीन हाय, मला कुणाला इचारायची गरज न्हाई असं लोक म्हनत्यात. खरं असंल. पर सांगून ठेवावं म्हनलं. आण्णास्नी सांग, ह्या रविवारपासनं माझ्या तुकड्यात उतरू नका. न्हाईतर कुणाचं तरी हाडबीड मोडायचं. सांगशील न्हवं?"

"सांगते, मामा."

"इसरू नको बग."

जाताना त्यांनी वार्निशाचा डबा उचलून सावलीत ठेवला. ऊन आलं होतं त्यावर.

मी विसरले नाही. त्या रात्री जेवताना आण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी घास गिळला. "तोंडी निरोपाला अर्थ नसतो," म्हणाले, आणि आईकडं आमटी मागितली.

रविवारी बांध उभा होता. पांढरे, ताजे फोडलेले दगड, मातीत बसवलेले. एकटीनं ग्लायडर उडवायचा तो माझा पाचवा-सहावा दिवस असेल. मी पट्टा आवळला आणि म्हणाले, "आण्णा, वारा समोरून आहे. आज पलीकडच्या टोकानं उतरू?"

"नेहमीच्याच बाजूनं यायचं. बाजू बदलली की त्याचं म्हणणं आपण मान्य केलं असं होतं."

"पोचले नाही तर?"

"उंची राखून ये म्हणजे पोचशील."

त्यांनी माझ्या पट्ट्याचं बक्कल ओढून बघितलं, दोनदा. हे लिहायलाच हवं. ते माझी काळजी करत होते.

वर छान होतं. घारी होत्या, काकवीचा वास होता. उतरायला वळले तेव्हा उंचीही पुरेशी होती. मग मामांच्या नांगरलेल्या रानावर आल्यावर कुणीतरी खालची सतरंजी ओढून घ्यावी तशी हवा खाली बसली. बांध मोठा व्हायला लागला. एकेक दगड वेगळा दिसायला लागला. मी ग्लायडरचं नाक वर ओढलं. बांध चुकेल असं वाटलं, आणि लाकूड फुटल्याचा आवाज आला.

मामा सगळ्यांत आधी पोचले. विळ्यानं पट्टा कापून त्यांनी मला बाहेर ओढलं. गुडघ्याखाली पाय भलतीकडंच वळला होता. त्यांनी खोपटातून बाज आणवली, डोक्याचं मुंडासं सोडून पाय दोन फळ्यांमध्ये बांधला आणि तो काखेत धरून बाजेबरोबर चालत राहिले, पाऊण मैल, हमरस्त्यापर्यंत. "झालं बाळ, झालं, आलीच सडक," असं सारखं म्हणत होते. मी मान वळवून आण्णांना शोधलं. ते मागं राहिले होते. पट्टीच्या टोकापासून बांधापर्यंत पावलं मोजत होते.

दवाखान्यात मी दोन महिने होते. आण्णांनी फिर्याद केली, की इथं ग्लायडर उतरतात हे ठाऊक असूनही दस्तगीरनं कुणालाही न सांगता, इजा व्हावी म्हणूनच अडथळा उभा केला. सगळं त्या 'न सांगता'वर उभं होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी आण्णा माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसले.

"तुला निरोप मिळाला नव्हता."

"मिळाला होता, आण्णा. मी तुम्हाला सांगितलं."

त्यांनी माझ्या प्लास्टरकडं बघितलं. "मग असं होईल, की बांध आहे हे माहीत असून मी माझ्या मुलीला त्या बाजूनं उतरवलं. तुला तसं व्हायला हवंय?"

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी ताप आल्यावर फिरवायचे तसा.

कोर्टात कुबड्या घेऊन गेले. पंखा कुरकुरत होता, जुन्या कागदांचा वास होता. मामा पिंजऱ्यात उभे होते, डोक्यावर नवीन मुंडासं. मला बघून ते मोठ्यानं म्हणाले, "बाळ, अजून दुखतंय का गं?" त्यांना गप्प बसवण्यात आलं. मग मी शपथ घेतली. मामांच्या वकिलानं विचारलं, "अपघाताआधीच्या गुरुवारी आरोपीनं शेडमध्ये येऊन तुम्हाला बांधाबद्दल सांगितलं, हे खरं ना?"

"नाही."

"काहीच सांगितलं नव्हतं?"

"नाही."

दुसरं 'नाही' पहिल्यापेक्षा सोपं गेलं. हे मला त्याच क्षणी कळलं आणि तेवढंच आठवतं. मामांच्या तोंडाकडं मी बघितलं नाही.

रात्री आईनं अंथरूण घालताना विचारलं, "खरं तेच बोललीस ना?" मी हो म्हटलं. तेही सोपं गेलं.

मामांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. चाचीनं उरलेली म्हैस विकली, पुढं रान विकलं, आणि ती माणसं कुठंतरी निघून गेली. बांध आम्ही एका रविवारी काढला. क्लबातली सगळी होती, गाणी म्हणत दगड उचलत होती. मला काम जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी काढलेल्या दगडांच्या ढिगावर बसून सगळ्यांना भडंग वाटलं. कांदा, कोथिंबीर, वर लिंबू. चव चांगली झाली होती. पुढं तीन-चार वर्षांत क्लब आपोआप बंद पडला. मी पुन्हा उडाले नाही.

आण्णा असेपर्यंत मला तोंड उघडता येणार नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. आण्णा गेले, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी आणखी कुठली समजूत घालत होते, ते मला सांगता येणार नाही. माळावरच्या त्या विटांवर पाणी मारणाऱ्या माणसाला मी सहज विचारलं, इथं दस्तगीर नावाचे होते, त्यांचं काय झालं. तो जवळच्याच वाडीतला निघाला. म्हणाला, "ते व्हय? कबनूरला गेली ती. पोरगा मागावर हाय तिथं."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कबनूरला गेले. दुपारची वेळ. गल्लीत शिरल्यापासून यंत्रमागांचा खटखटाट सुरू झाला, जमिनीतून पायात चढणारा. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत होते. मागाच्या शेडला लागून एक खोली, दारात आमिनाचाची सुताच्या कांड्या निवडत बसलेली. चाळिशीतच केस पांढरे झालेले. तिनं माझ्या तोंडाआधी पायाकडं बघितलं.

"वकिलाची लेक न्हवं तू? ये. पाय तसाच ऱ्हायला की."

तिनं मला खोक्यावर बसवलं, स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. मी मामांचं विचारलं.

"चार वर्सं झाली जाऊन," ती म्हणाली. "हितं राखणीला हुता. बाकी काय तरास न्हवता. पर जेलातनं आल्यापासनं एकच बोलायचा. आमिना, मी त्या पोरीला सांगितलं हुतं का न्हाई गं?"

मी कप हातात धरून बसले.

"मी म्हनायची, सांगून आलतासा की, घरी येऊन मला बोललासा. तर म्हनायचा, तू माझी बायको, तू तसंच म्हननार. ती पोरगी शपथ घिऊन खोटं बोलायची न्हाई. मीच मनातल्या मनात सांगितलं असंल, तोंडानं ऱ्हायलं असंल. माझ्यापायी पोरीचा पाय गेला. मरस्तवर त्येच. नमाजाला उभा ऱ्हायला तरी मधीच थांबायचा, इचार करत."

शेजारी माग चालूच होते. मी म्हटलं, "चाची, त्यांनी मला सांगितलं होतं."

तिनं कानामागं हात धरला. "काय म्हनलीस?"

"सांगितलं होतं त्यांनी. गुरुवारी, शेडमध्ये येऊन. मी कोर्टात खोटं बोलले."

ती रडली नाही. कांड्यांची पाटी तिनं मांडीवरून उतरवून खाली ठेवली, उठून शेडच्या दारात गेली आणि ओरडली, "रशीद! माग बंद कर. समदे बंद करा."

एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबल्यावर कानात नुसती शीळ उरली. रशीद दारात आला. अठरा वर्षांचा, केसांत कापूस, चिंधीला हात पुसत. त्याच्या मागं आणखी तीन-चार कामगार येऊन उभे राहिले.

"आता सांग ह्याला," चाची म्हणाली. "मोठ्यानं सांग."

मी सांगितलं. रशीद हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"तुमच्या वडलांस्नी ठावं हुतं?"

"हो. मी त्याच रात्री त्यांना सांगितलं होतं."

त्यानं मान हलवली. आईकडं बघितलं. मग कामगारांना म्हणाला, "चला," आणि आत गेला. माग एकामागून एक सुरू झाले आणि खोली पुन्हा थरथरायला लागली.

मी उठले. चाचीनं माझ्या हातातल्या कपाकडं बोट दाखवलं. तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, ओठांवरून कळलं. चहा पी.

मी उभ्यानं प्यायले. साखर जास्त होती, आणि तो पुरता गार झालेला होता. संपेपर्यंत ती माझ्यासमोर उभी राहिली. मग तिनं कप घेतला, मला वाट दिली आणि मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर मागं दार लावून घेतलं.